टाकायची मागणी

‘‘मान्य,’’ मी म्हणालो, आणि टेबलापलीकडच्या सहाही पुरुषांचे चेहरे पडले.

मला वाटलं होतं, निदान एखादा तरी हसेल. मी रजिस्टरात चौदा नंबरच्या मागणीपुढे तारीख टाकली, ऐटीत सही ठोकली आणि रजिस्टर पलीकडे सरकवलं. कुणी हात लावेना. युनियनचे पुढारी मगदूम आण्णा माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मी त्यांची सायकल पळवली आहे.

‘‘साहेब, जरा इचार करून बोला,’’ ते म्हणाले.

‘‘विचार केला की.’’

‘‘मोठ्या साहेबांना तरी येऊ द्या.’’

मोठे साहेब म्हणजे वैशंपायन, आमचे कामगार खात्याचे मॅनेजर. त्यांना मुंबईहून शेठजींचा ट्रंककॉल आला होता. जाताना ते मला बजावून गेले होते, ‘‘देवस्थळी, मी येईपर्यंत फक्त ऐकायचं आणि लिहायचं.’’ मी ऐकलं आणि लिहिलं. मध्ये एकच शब्द बोललो.

ही गोष्ट सत्याऐंशी सालच्या ऑगस्टमधली. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, कोल्हापुरातून कामगार कल्याणाची पदविका घेऊन आलेला, आणि नोकरीला जेमतेम पाच महिने झालेले. सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. तिथे ‘शेकोटी बाम’ बनायचा. कंबर, पाठ, गुडघे, पोटऱ्या, जे दुखेल त्याला चोळायचा. त्याचा वास अंगात असा मुरायचा की मी मुलगी बघायला गेलो तेव्हा तिच्या आजीने माझ्या वडिलांना बाजूला घेऊन विचारलं होतं, ‘‘यांना नेहमीच सर्दी असते का हो?’’

तर मागणी नंबर चौदा अशी होती: ‘डब्या भरणाऱ्या महिला कामगारांना बसण्यासाठी स्टूल मिळावे.’ बेचाळीस बायका आठ-आठ तास सरकत्या पट्ट्यापाशी उभ्या राहून डब्यांना झाकणं लावायच्या. दुसऱ्यांच्या पोटऱ्यांचं औषध भरता भरता यांच्या पोटऱ्या भरून यायच्या. यात नाही म्हणण्यासारखं काय आहे ते मला खरंच कळेना. त्यात त्या सकाळी बैठकीला एक खुर्ची कमी पडली होती. कमिटीत माणसं सात, खुर्च्या सहा. सातव्या मालनबाई आवळे निमूटपणे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कमिटीवर एक बाई असावी म्हणून त्यांना घेतलेलं. इतक्या वर्षांत त्या बैठकीत कधी बोलल्या नव्हत्या. मी माझी खुर्ची त्यांना दिली आणि बामच्या एका रिकाम्या खोक्यावर बसलो. त्या खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या, कुणी उठवलं तर चटकन उठता यावं अशा.

रजिस्टर टेबलाच्या मधोमध तसंच पडून होतं. मान्य झालेल्या मागणीपुढे व्यवस्थापनाची एक आणि कमिटीची एक सही लागायची. कोपऱ्यातून आवाज आला, ‘‘मी करू का सही?’’

कुणी हो किंवा नाही म्हणायच्या आत मालनबाईंनी पुढे येऊन रजिस्टर ओढून घेतलं होतं. एकेक अक्षर कोरत, काना-मात्रेला थांबत, त्यांनी पुरं नाव लिहिलं. मगदूमांनी डोक्याला हात लावला.

वैशंपायन परत आले तेव्हा मी उत्साहाने सांगितलं, ‘‘सर, चौदा नंबर निकालात काढला.’’ त्यांनी रजिस्टर वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग मगदूमांकडे बघितलं, मगदूमांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि आश्चर्य म्हणजे दोघांच्याही नजरेत सहानुभूती होती. ‘‘बैठक उद्या तीन वाजता,’’ वैशंपायन म्हणाले.

संध्याकाळी पाचला त्यांनी मला मिरज रस्त्यावरच्या भज्यांच्या गाड्यावर बोलावलं. गेलो तर बाकावर ते आणि मगदूम मांडीला मांडी लावून बसलेले, दोघांत कांदाभज्यांची एकच प्लेट. मी जागच्या जागी थिजलो. त्याच सकाळी मगदूमांनी टेबलावर मूठ आपटून ‘रक्त शोषणारे’ असा शब्द वापरला होता, आणि तो वैशंपायनांनी लगेच इतिवृत्तात घ्यायला लावला होता.

‘‘या. बसा. तुमच्यामुळे आम्हाला इथं यावं लागलं,’’ वैशंपायन म्हणाले.

‘‘सर, माझं चुकलं काय?’’

‘‘आण्णा, तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून वाईट शब्द जाईल.’’

मगदूमांनी मिरचीचा देठ खुडला. ‘‘साहेब, चौदा नंबर ही टाकायची मागणी हाय.’’

‘‘टाकायची म्हणजे?’’

‘‘म्हंजे टाकायची. आमी मागायचं, तुमी न्हाई म्हणायचं. चार दिवस भांडायचं. पाचव्या दिवशी मी उठून म्हणायचं, कारखान्याच्या भल्यासाठी युनियन मोठ्या मनानं ही मागणी सोडतीया. मग मोठ्या साहेबांनी म्हणायचं, तुमी मोठं मन दावलं, आमीबी दावतो. आन् दुसरी एक मान्य करायची. दर तीन वर्साला असंच असतंय.’’

‘‘शेठजींना सांगायला बरं पडतं,’’ वैशंपायन म्हणाले. ‘‘एक द्यावी लागली, पण एक सोडवून घेतली. आण्णांनाही कारखान्याच्या दाराशी भाषण करता येतं. सगळ्यांचं चांगलं चाललेलं असतं. तुम्ही पहिल्याच दिवशी ती मान्य करून बसलात. आता हे टाकणार काय, डोंबल?’’

‘‘आणि या वेळी बदल्यात काय मिळणार होतं?’’

वैशंपायनांनी प्लेटमधला कांदा निवडायला घेतला. मग मगदूम म्हणाले, ‘‘नऊ नंबर. कँटीनला रंगीत टीव्ही.’’

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ऑक्टोबरात क्रिकेटचा विश्वचषक आपल्याकडे होणार होता. दोन महिने कारखान्यात दुसरा विषय नव्हता. टीव्ही कुठल्या भिंतीला लावायचा, त्याच्या कुलपाची किल्ली कुणाच्या ताब्यात, सगळं ठरलेलं होतं. तो टीव्ही मी एका शब्दात घालवला होता.

‘‘उद्या बैठकीत सांगायचं, चुकून झालं,’’ वैशंपायन म्हणाले. ‘‘ज्या दोघांनी सही केली त्याच दोघांनी ती खोडायची, मग मागणी परत चर्चेला येते. मालनबाईंना तुम्हीच पटवा. तुमच्यावर त्यांची मर्जी दिसते, खुर्ची वगैरे देता. आणि हे बघा देवस्थळी, तुम्हाला नोकरीत कायम करायचा कागद माझ्या टेबलावर आहे. मी धमकी देत नाही. कागद कुठे आहे ते सांगतो.’’

मगदूमांनी प्लेट माझ्यापुढे केली. ‘‘घ्या, भजी खावा. हुतंय चुकून.’’

मी भजी खाल्ली, पण डोक्यात घरचा हिशोब चालू होता. घरी वडील निवृत्त झालेले, आणि त्या आजीबाईंच्या नातीकडच्यांनी होकार कळवला होता तो एका अटीवर: मुलगा नोकरीत कायम झाला की मुहूर्त काढू.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी डब्या भरायच्या खात्यात गेलो. नीलगिरी आणि कापराच्या वाफेने डोळे चुरचुरत होते. पट्ट्यावरून डब्या येत होत्या आणि दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहून झाकणं फिरवत होत्या. मालनबाई तिसऱ्या जागेवर होत्या.

‘‘मालनबाई, जरा दोन मिनिटं बोलायचं होतं.’’

‘‘बोलू की. पट्टा थांबंल तवा बोलू. आता बोलायला लागली तर डब्या बोडक्या जात्यात.’’

‘‘पट्टा कधी थांबतो?’’

‘‘साडेअकराला.’’

‘‘मग मी साडेअकराला येतो.’’

‘‘थांबा की हितंच,’’ त्या झाकण फिरवत म्हणाल्या. ‘‘साहेब लोक हिकडं कवा येतच न्हाईत. आल्यासारखं बगा तरी काम.’’

आता माझंच काम होतं, त्यामुळे थांबलो. पंधरा मिनिटं मी प्रत्येक डबीकडे आस्थेने बघितलं. अर्ध्या तासाने एका पायावरून दुसऱ्या पायावर आलो. पाऊण तासाने परत पहिल्या पायावर. भिंतीला टेकावं म्हटलं तर भिंतीला खोकी रचलेली. तासाभराने तळपाय जळायला लागले. समोरच्या एका बाईने शेजारणीला कोपराने ढोसलं आणि दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. सव्वाअकराला माझी कंबर अशी काही बोलायला लागली की जवळून जाणारी एक डबी उचलावी, असं मनात आलं. साडेअकराला भोंगा झाला, पट्टा थांबला आणि मी एका खोक्यावर मटकन बसलो.

‘‘खोक्यावर बसू नगा, सुपरवायझर वराडतोय,’’ मालनबाई म्हणाल्या.

मी उठलो. ‘‘मालनबाई, ते चौदा नंबरचं... ती सही.’’

‘‘खोडायची हाय न्हवं?’’

‘‘तुम्हाला कसं कळलं?’’

‘‘दर खेपंला सोडतातच की. पयल्या खेपंला स्टूल सोडून बेंदराची सुट्टी घेतली. त्या दिवशी गडी बैलं मिरवायला जात्यात आन् आमी घरी पुरणपोळ्या लाटतो. बसून लाटतो, तेवढं सुख. दुसऱ्या खेपंला दुपारचा चहा. चहा बरा आसतोय, खोटं कशाला बोलू. उभ्यानं पितो. तिसऱ्या खेपंला व्हॉलीबॉलचं मैदान झालं.’’ त्यांनी शेजारणीकडे बघितलं. ‘‘शांते, तू कवा खेळलीस का गं?’’

शांताबाई पोटरीला बाम चोळत होती. झाकण वाकडं बसलं म्हणून बाद झालेल्या डब्या बायकांनी खिडकीत ठेवलेल्या असत. ती नुसती हसली.

‘‘आन् गेल्या खेपंला सायकल स्टँडला छप्पर,’’ मालनबाई म्हणाल्या. ‘‘आमच्यातली एकबी बाई सायकलीवर येत न्हाई, साहेब. समद्या चालत येत्यात, बामणोलीपसनं, सावळीपसनं. सायकली सावलीला बसल्या.’’

मी खाली बघत म्हणालो, ‘‘मी खोडली नाही तर माझी नोकरी कायम होणं कठीण आहे.’’ हे त्यांना का सांगितलं, कोण जाणे. बहुतेक पाय दुखत होते म्हणून.

मालनबाईंनी हात पुसले. रागावल्या नाहीत. ‘‘मग खोडा बापडं. तुमचं वय हाय, संसार व्हायचाय. तुमची तुमी खोडा, मी काय म्हणणार न्हाई. माजी मातर मी खोडणार न्हाई. साक्षरता वर्गाला दोन वर्सं जाऊन शिकलीया ती सही. हजेरीच्या वहीशिवाय पयल्यांदाच कुटं तरी कामाला आली.’’

तीन वाजता बैठक बसली. या वेळी कुणीतरी सातवी खुर्ची आणून ठेवली होती. वैशंपायनांनी घसा साफ केला. ‘‘कालच्या कामकाजात एक दुरुस्ती आहे. देवस्थळी सांगतील.’’

मी उठून उभा राहिलो. सकाळच्या दोन तासांनी गुडघे अजून कुरकुरत होते. मनाशी घोकून आलेलं वाक्य होतं, ‘अनवधानाने झालेली चूक मी दुरुस्त करतो.’ तोंड उघडलं आणि निघालं ते असं: ‘‘काल मला इथली पद्धत माहीत नव्हती, हे खरं आहे. आता माहीत आहे. पण मी सही खोडणार नाही.’’

‘‘खाली बसा,’’ वैशंपायन म्हणाले. एवढी एक आज्ञा मी त्या दिवशी आनंदाने पाळली. त्या आजीबाईंचा चेहरा मात्र डोळ्यांपुढे तरळला.

मगदूम माझ्याशी बोललेच नाहीत. त्यांनी थेट मालनबाईंकडे मान वळवली. ‘‘मालन, हे लेकरू हाय. तुला तर कळतंय. सही खोड.’’

‘‘न्हाई, आण्णा.’’

‘‘पोरांनी टीव्हीची आस लावलीया. आता ह्या टायमाला काय टाकू मी? टाकाया एक तरी मागणी लागतीच.’’

‘‘लागती की,’’ मालनबाई म्हणाल्या. ‘‘नऊ नंबर टाका.’’

टीव्हीचं नाव न घेता त्यांनी टीव्ही टेबलावरून खाली ढकलला होता. पाच पुरुष एकदम बोलायला लागले. एकजण म्हणाला, बायकांना क्रिकेटातलं काय कळतं. दुसरा म्हणाला, टीव्ही सगळ्यांचाच असतो, तुम्हीपण बघा. मालनबाई त्यांचं होईपर्यंत थांबल्या. पट्टा थांबायची वाट बघणाऱ्या बाईला तेवढा वेळ काहीच नव्हता.

‘‘आण्णा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आमी चार डाव सोडलं. तुमी एक डाव सोडून बगा.’’

त्यांचा आवाज चढला नव्हता. मगदूम खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर सायकल स्टँड होता, आणि पत्र्याच्या छपराखाली पहिल्याच रांगेत त्यांची हिरवी सायकल उभी होती. मग त्यांनी आपल्या पाच जणांवरून नजर फिरवली.

‘‘कुनाला काय बोलायचंय?’’

पाचही माना खाली गेल्या. मगदूम उठले, सदरा खाली ओढला आणि दाराशी ऐकू जाईल अशा त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, ‘‘कारखान्याच्या भल्यासाठी युनियन मोठ्या मनानं मागणी नंबर नऊ सोडतीया.’’

बारा वर्षांची सवय. वैशंपायन विचार करायच्या आतच बोलून गेले, ‘‘आपण मोठं मन दाखवलंत, तर आम्हीही...’’ आणि तिथेच अडकले. बदल्यात द्यायचं काय, ते या वेळी ठरलेलंच नव्हतं. त्यांनी मगदूमांकडे बघितलं. मगदूमांनी मालनबाईंकडे बघितलं.

मालनबाई आता खुर्चीत पूर्ण मागे टेकून बसल्या होत्या. त्यांनी मागे हात नेऊन खुर्चीची पाठ चाचपली. ‘‘स्टुलाला पाठ करा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अशी.’’

वैशंपायनांनी स्वतःच्या हाताने ते रजिस्टरात लिहिलं. लिहिताना त्यांच्या मिशीखाली हसू होतं की नाही, याबद्दल माझा आणि मगदूमांचा पुढे कितीतरी वर्षं वाद होत असे.

माझा कायम होण्याचा कागद मात्र सहा महिने पुढे ढकलला गेला. ‘ऐकून घेण्याची सवय लावून घेणे आवश्यक’ असा शेरा त्यावर होता. आजीबाई थांबल्या. त्यांची नात आज शेजारच्या खोलीत हे वाचून म्हणेल की आजीचं तू फुगवून सांगितलं आहेस.

सप्टेंबरअखेर खुर्च्या आल्या. पहिल्या दिवशी भोंगा झाला तरी बेचाळीसजणी खुर्चीमागे उभ्याच राहिल्या. मालनबाई म्हणाल्या, ‘‘बसा गं, आपल्याच हाईत,’’ तेव्हा कुठे बसल्या. बसलं की हात मंदावतो असं शेठजींचं मत होतं. पुढच्या महिन्यात बोडकी गेलेली एकही डबी सापडली नाही, तरी शेठजींनी मत बदललं नाही, पण बोलणं बंद केलं.

आणि विश्वचषक आला. एका सुट्टीच्या दिवशी भारताचा सामना होता. मी मिरजेला किराणा आणायला गेलो होतो. बाजारात टीव्हीच्या दुकानासमोर शे-दीडशे माणसांची गर्दी, काचेआड टीव्ही चालू. गर्दीत मगदूम दिसले. टाचा उंचावून, मान लांबवून बघत होते. मला बघून त्यांनी तोंड वाकडं केलं.

‘‘बगा, देवस्थळीसाहेब, तुमच्यामुळं रस्त्यावर आलोया.’’

‘‘कधीपासून उभे आहात?’’

‘‘सकाळधरनं. चार तास झालं. जागा सोडली तर जातीया.’’ त्यांनी वाकून पोटरी दाबली. ‘‘पाय निसतं भरून आल्यात वो. फुटत्यात का काय असं झालंय.’’

तेवढ्यात कुणीतरी चौकार मारला. गर्दी ओरडली. मगदूम ओरडले नाहीत. पोटरीवरचा हात तसाच होता. वर मान करून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग कुठेतरी भलतीकडेच.

‘‘चार तास,’’ ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘आन् त्या बारा वर्सं.’’

ते सरळ उभे राहिले, धोतराचा सोगा झटकला आणि परत काचेकडे वळले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘‘मी असं म्हणालो ते मालनला सांगू नगा.’’

‘‘नाही सांगणार,’’ मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला सांगितलं. पट्टा चालू होता. मालनबाई खुर्चीत बसून झाकणं फिरवत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उजवा हात थांबवला नाही, आणि डावा हात खिडकीकडे नेऊन वाकड्या झाकणाची एक डबी माझ्यापुढे केली.

‘‘आण्णाला द्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्हणावं, रातीला चोळून झोपा. उतार पडतोय.’’